क्विझनेअर कांड्यांचा संच: वर्गात सहा वर्षे वापरल्यानंतरचा अभिप्राय

गणित शिकवताना मी आजवर जी साधने हाताळली, त्यांपैकी बहुतेकांचे आयुष्य एका प्रकरणापुरते ठरले. घड्याळाची तबकडी वेळेच्या पाठानंतर कपाटात जाते आणि अपूर्णांकांच्या चकत्या अपूर्णांक संपले की पुढच्या वर्षापर्यंत कुणाला आठवत नाहीत. क्विझनेअर कांड्यांची पेटी मात्र सहा वर्षांत कपाटात फारशी राहिलेलीच नाही. पहिलीतली मुले जिच्यातून बेरजेच्या जोड्या लावतात, तीच पेटी सातवीतली मुले पृष्ठफळाचे सूत्र शोधण्यासाठी मागून नेतात. म्हणून हा अभिप्राय जरा सविस्तर लिहीत आहे. पेटी चांगली की वाईट एवढेच त्यात सांगायचे नाही, तर ती उघडल्यावर मुलांसमोर कोणते प्रश्न ठेवायचे हेही सांगायचे आहे, कारण माझ्या मते या साधनाचे मोल त्या प्रश्नांवरच ठरते.

ज्यांनी हा संच पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात वर्णन करते. एक सेंटिमीटर रुंद आणि एक सेंटिमीटर जाड अशा या चौरस छेदाच्या कांड्या असून त्यांची लांबी एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत असते. प्रत्येक लांबीचा रंग ठरलेला असतो: पांढरी एक, लाल दोन, पोपटी तीन, जांभळी चार, पिवळी पाच, गडद हिरवी सहा, काळी सात, तपकिरी आठ, निळी नऊ आणि नारिंगी दहा. हे रंग मनाला येतील तसे दिलेले नाहीत. दोन, चार आणि आठ ही लालसर घराण्यातली मंडळी, तीन, सहा आणि नऊ ही हिरव्या-निळ्या घराण्यातली, पाच आणि दहा पिवळ्या घराण्यातली, आणि सात मात्र एकटी, काळी. एक सोडल्यास सातचे नाते दहापर्यंतच्या दुसऱ्या कुठल्याही संख्येशी पटीने जुळत नाही, म्हणून तिला वेगळा रंग दिला आहे, हे मुलांना न सांगता ठेवावे. कधीतरी एखादे मूल स्वतःहून विचारते की काळीला घर का नाही, आणि त्या दिवशी मूळ संख्यांचा विषय आपोआप निघतो.

या कांड्या बेल्जियममधील शिक्षक जॉर्ज क्विझनेअर यांनी आपल्या शाळेतील मुलांसाठी तयार केल्या आणि १९५२ मध्ये त्यांविषयीची पुस्तिका प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी गणितशिक्षणाचे अभ्यासक कॅलेब गॅटेन्यो यांनी त्यांच्या वर्गात जाऊन हा प्रयोग प्रत्यक्ष पाहिला आणि नंतर अनेक देशांत जाऊन शिक्षकांना तो करून दाखवला. गॅटेन्यो यांनीच १९५२ मध्ये इंग्लंडमध्ये गणिताच्या अध्यापन-साधनांसाठी शिक्षकांची एक संघटना उभी करण्यात पुढाकार घेतला होता. एका शिक्षकाने बनवलेली वस्तू दुसऱ्या शिक्षकाने वर्गात बसून पाहिली आणि तिसऱ्यापर्यंत पोहोचवली, हा तिचा प्रवास मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण माझ्यापर्यंतही ती अशीच आली. संचासोबत आलेली माहितीपत्रिका मी एकदा वाचून बाजूला ठेवली. पुढे वर्गात जे काही घडले ते सहकारी शिक्षकांनी दिलेल्या कृतींमुळे घडले.

आम्ही काही शिक्षक महिन्यातून एकदा एकत्र बसतो आणि प्रत्येकाने आपल्या वर्गात करून पाहिलेली एक कृती मांडावी असा नियम ठेवला आहे. मांडताना तीन गोष्टी सांगायच्या: प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला, मुलांनी प्रत्यक्षात काय केले आणि ती कुठे अडली. कांड्यांचे जे गुण-दोष मला दिसले, ते याच बैठकांमधून आलेल्या कृतींमुळे दिसले, म्हणून ते त्या कृतींच्या आधारेच मांडते.

सर्वांत प्रथम ज्या कृतीने या पेटीवरचा माझा विश्वास बसवला, ती आगगाडीची. कांड्या एकापुढे एक लावल्या की गाडी तयार होते आणि प्रत्येक कांडी म्हणजे एक डबा. जांभळ्या कांडीएवढ्या लांबीच्या किती वेगवेगळ्या गाड्या करता येतील, एवढाच प्रश्न विचारायचा आणि डब्यांचा क्रम बदलला की गाडी वेगळी मानायची हे स्पष्ट करायचे. मुले आधी वाटेल तशा गाड्या लावतात, मग कुणाला तरी लक्षात येते की एकच गाडी दोनदा लागली आहे, आणि त्यानंतर टेबलावर आपोआप शिस्त येते. उत्तर आठ येते. पोपटीसाठी चार, लालसाठी दोन, पांढरीसाठी एक. पिवळीसाठी सोळा येतील असे भाकीत बहुतेक गट लगेच करतात, परंतु दुप्पटच का होते या प्रश्नाने खरे गणित सुरू होते.

एका वर्षी चौथीतल्या एका मुलीने दिलेले स्पष्टीकरण मी अजूनही इतर वर्गांना ऐकवते. ती म्हणाली, जुन्या प्रत्येक गाडीला दोनच गोष्टी करता येतात: एकतर शेवटी पांढरा डबा जोडायचा, नाहीतर शेवटचा डबा एकाने मोठा करायचा. या दोन वाटांनी मोठ्या लांबीची प्रत्येक गाडी नेमकी एकदाच मिळते. एखादी गाडी पांढऱ्या डब्याने संपत असेल तर तो काढून टाकावा, आणि मोठ्या डब्याने संपत असेल तर तो डबा एकाने लहान करावा. दोन्ही वेळा आधीच्या लांबीचीच गाडी उरते. ही गणिती सिद्धता आहे आणि ती हाताने कांडी बदलता बदलता सुचली. दहा लांबीच्या नारिंगी कांडीसाठी ५१२ गाड्या होतील हे मग कुणी एकही गाडी न लावता सांगितले, आणि मुलांना त्याचे आश्चर्य वाटले नाही, कारण ती गोष्ट त्यांना पटलेली होती.

याच कृतीची दुसरी बाजू आमच्या बैठकीत एका सहकाऱ्यांनी मांडली. डबे फक्त पांढरे आणि लाल घ्यायचे, म्हणजे एक आणि दोन एवढ्याच लांबीचे. आता गाड्यांची संख्या एक, दोन, तीन, पाच, आठ, तेरा अशी वाढत जाते आणि प्रत्येक संख्या तिच्या आधीच्या दोन संख्यांची बेरीज असते. शेवटचा डबा पांढरा असेल तर मागे एकाने लहान गाडी उरते आणि लाल असेल तर दोनाने लहान, हे कारण मुलांना थोड्या प्रयत्नाने सापडते. कवितेची मात्रावृत्ते शिकलेल्या मुलांना येथे लघु आणि गुरू आठवावेत, कारण लघूची एक मात्रा आणि गुरूच्या दोन. ठरावीक मात्रांची किती वेगवेगळी वृत्ते होऊ शकतात, हाच प्रश्न छंदःशास्त्राच्या अभ्यासकांनी विचारला होता, आणि बाराव्या शतकात जैन आचार्य हेमचंद्रांनी त्याचे उत्तर याच नियमाने दिले होते. भाषेच्या तासाला पाठ केलेली गोष्ट गणिताच्या तासाला हातात आलेली पाहून मुलांचे चेहरे उजळतात, आणि शिक्षक म्हणून मला त्या क्षणाचे फार मोल वाटते.

अपूर्णांकांसाठी मात्र मी या संचाला इतर सर्व साधनांच्या वर ठेवते, आणि त्याचे कारण अगदी साधे आहे: कांडीवर काहीही लिहिलेले नसते. ठरावीक भागांत कापलेल्या चकतीवर अर्धा किंवा पाव छापलेला असतो, त्यामुळे तो तुकडा मुलाच्या मनात कायमचा अर्धा होऊन बसतो. लाल कांडी मात्र जांभळीचा अर्धा भाग असते, गडद हिरवीचा तिसरा आणि तपकिरीचा चौथा. मग लालच एक मानली तर पिवळी किती, असे विचारले की मुले प्रथम थबकतात, दोन लाल आणि एक पांढरी लावून पाहतात आणि अडीच असे उत्तर देतात. पिवळी जर एक-तृतीयांश असेल तर पूर्ण केवढे, या प्रश्नाला एकाही कांडीने उत्तर देता येत नाही. नारिंगी आणि पिवळी जोडून नवे पूर्ण तयार करावे लागते, आणि हे मुलांनी स्वतः करण्यातच त्या प्रश्नाचे यश आहे. पूर्ण कशाला म्हणायचे हे ठरवल्याशिवाय अपूर्णांकाला अर्थ नाही, ही गोष्ट मी पूर्वी फळ्यावर अनेकदा सांगितली होती, पण ती मुलांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकली ती या कांड्यांवर काम करताना.

बेरजेतही तसेच. एक-द्वितीयांश आणि एक-तृतीयांश यांची बेरीज दोन-पंचमांश लिहिणारी मुले प्रत्येक वर्गात असतात, आणि छेद समान करण्याची रीत पुन्हा पुन्हा सांगून ती चूक जात नाही. गडद हिरवी कांडी पूर्ण मानली तर अर्धा म्हणजे पोपटी आणि तिसरा भाग म्हणजे लाल. दोन्ही शेजारी ठेवल्या की त्या पिवळीएवढ्या होतात, आणि पिवळी म्हणजे सहापैकी पाच पांढऱ्या. दोन-पंचमांश म्हणजे अर्ध्याहूनही कमी, मग अर्ध्यात आणखी काही मिळवल्यावर ते कमी कसे होईल, असा प्रतिप्रश्न एका मुलाने शेजाऱ्याला केला तेव्हा मला त्या विषयावर आणखी काही सांगावे लागले नाही. पुढची पायरी म्हणून एक-तृतीयांश आणि एक-चतुर्थांश द्यावे. या वेळी पूर्णासाठी कोणती लांबी घ्यायची हे मुलांनाच शोधू द्यावे. नारिंगी आणि लाल मिळून बाराची गाडी केली की जांभळी आणि पोपटी बसतात, आणि त्यांची बेरीज काळीएवढी, म्हणजे बारापैकी सात येते. ल.सा.वि. कशासाठी काढायचा असतो, हे त्या शोधाशोधीतच कळते.

ल.सा.वि. आणि म.सा.वि. यांच्या स्वतंत्र कृती सोप्या आहेत आणि बहुतेक शिक्षकांना त्या सहज सुचतील: जांभळ्यांची आणि गडद हिरव्यांची गाडी शेजारी शेजारी वाढवत न्यायची आणि दोन्हींची टोके प्रथम कुठे जुळतात ते पाहायचे. एक ते दहा कांड्यांचा जिना रचून त्यावर दुसरा जिना उलटा बसवण्याची कृतीही जुनीच, पण तिच्यातून १० आणि ११ बाजूंचा आयत समोर येतो आणि बेरीज ५५ का, हे दिसते, म्हणून ती वगळू नये.

मोठ्या मुलांसाठी मला सर्वाधिक आवडलेली कृती शिक्क्यांची आहे. पांढऱ्या कांडीचे एक तोंड म्हणजे एक शिक्का असे मानले, तर प्रत्येक रंगाच्या कांडीला सर्व बाजूंनी झाकायला किती शिक्के लागतील? पांढरीला सहा, लालला दहा, पोपटीला चौदा. तक्ता भरून नियम ओळखणे सोपे आहे, परंतु मी मुलांना कांडी हातात धरून नियमाचे कारण दाखवायला सांगते. चारही लांब बाजूंवर प्रत्येकी लांबीइतके आणि दोन टोकांना एकेक, म्हणून लांबीची चौपट अधिक दोन. बीजगणितात अक्षर का वापरायचे, या प्रश्नाचे इतके साधे उत्तर मला दुसरीकडे क्वचितच मिळाले आहे.

कोड्यांसाठीही हा संच उत्तम आहे. पाठीमागे दोन कांड्या लपवून मी सांगते की त्या जोडल्या तर निळीएवढ्या होतात आणि त्यांच्यातला फरक पांढरीएवढा आहे. लहान मुले अंदाजाने पिवळी आणि जांभळीपर्यंत पोहोचतात, मोठी मुले निळीतून पांढरी काढून उरलेल्याचे दोन समान भाग करतात. कापडी पिशवीत हात घालून न पाहता काळी आणि तपकिरी यांतला फरक ओळखणे ही पहिलीच्या मुलांची आवडती कृती असून त्यांनी अंगठ्याचे माप वापरायला सुरुवात केली की मोजमापाचा पाठ अर्धा झालेला असतो.

आता उणिवांकडे वळते, कारण त्या खरेदीपूर्वी माहीत असणे आवश्यक आहे. लहान संच सामान्यतः ७४ कांड्यांचा येतो: पांढऱ्या २२, लाल १२, पोपटी १०, जांभळ्या ६ आणि उरलेल्या सहा रंगांच्या प्रत्येकी ४. हा संच एका गटाला पुरतो असे सांगितले जाते, पण वर दिलेली आगगाडीची कृती पिवळ्या कांडीसाठी करायला घेतली तर तो अपुरा पडतो. त्या सर्व सोळा गाड्या एकाच वेळी मांडायच्या तर २८ पांढऱ्या लागतात. फक्त पांढऱ्या-लाल डब्यांच्या आठ गाड्या मात्र एका संचात बसतात. एकाच रंगाच्या कांड्यांनी भरीव चौरस रचायचा असेल तर जांभळीपर्यंतच जाता येते, कारण पिवळीच्या चौरसाला पाच कांड्या हव्यात आणि संचात चारच असतात. वर्गसंख्या आणि दोन वर्गांतील फरक यांवर काम करायचे असेल तर दोन संच एकत्र करावेत, किंवा पांढऱ्या आणि पिवळ्या सुट्या मिळत असतील तर त्या आधीच मागवून ठेवाव्यात. पांढऱ्या कांड्या हरवतात हेही गृहीत धरावे, आणि अगदी लहान मुले जवळपास असतील तर त्या तोंडात जाणार नाहीत याची काळजी घ्यावी.

दुसरी गोष्ट अचूकपणाची. माझ्या आधीच्या एका संचात, त्याच्या उत्पादकाचे नाव येथे घेत नाही, दहा पांढऱ्या कांड्या एका ओळीत ठेवल्या की त्या नारिंगीपेक्षा स्पष्टपणे लांब भरत. मुलांनी प्रामाणिकपणे दहा पांढऱ्या म्हणजे नारिंगीपेक्षा जास्त असे लिहिले, आणि त्यांचे उत्तर चुकीचे म्हणण्याचा मला काहीही अधिकार नव्हता. त्यामुळे संच घेताना ही एक तपासणी जरूर करावी. काही प्लास्टिकच्या संचांत प्रत्येक सेंटिमीटरवर खाच असते. मोजणीला ती सोयीची वाटते, परंतु खाच दिसली की मूल कांडीची तुलना करायचे सोडून खाचा मोजू लागते, आणि अपूर्णांकांच्या कामात तर ती सरळ अडथळा ठरते. मी बिनखाचेच्या, शक्यतो लाकडी कांड्या सुचवीन. दोन वेगळ्या उत्पादकांचे संच मिसळायचे असतील तर रंग आधी ताडून पाहावेत, कारण काही संचांत चारची कांडी जांभळीऐवजी गुलाबी असते.

रंगांध मुलांची अडचण मला दुसऱ्या वर्षी लक्षात आली आणि ती आधीच लक्षात यायला हवी होती असे आजही वाटते. लाल, तपकिरी आणि गडद हिरवी या कांड्या एका मुलाला वेगळ्या ओळखू येत नव्हत्या, आणि तो मागे पडतो आहे असे मी समजत होते. आता कोणत्याही गटात कांडी रंगाने न मागता लांबीची तुलना करून घ्यावी असाही एक मार्ग मी उघडा ठेवते, आणि प्रत्येक गटाजवळ एक जिना रचलेला ठेवते, म्हणजे हातातली कांडी त्याच्याशी लावून पाहता येते.

सर्वांत मोठा धोका मात्र पेटीत नसून आपल्या सवयीत आहे. संच आणल्यावर पहिल्याच दिवशी लाल म्हणजे दोन, पोपटी म्हणजे तीन असा तक्ता भिंतीवर लावण्याचा मोह होतो, आणि तो मीही लावला होता. त्यानंतर महिनाभर मुलांनी कांड्या जुळवणे सोडून तक्ता पाहून आकडेमोड केली. लाल एक मानली तर, असे म्हणताच लाल तर दोन आहे अशी हरकत सगळ्या वर्गाने घेतली. तक्ता काढून टाकल्यावर ती सवय जायला बराच काळ गेला. पहिले काही तास मुलांना मनाप्रमाणे रचना करू द्याव्यात, मग रंगांच्याच नावांनी बेरीज करू द्यावी, जसे लाल आणि पोपटी मिळून पिवळी, आणि संख्या त्यानंतर आणाव्यात, हा क्रम मी आता काटेकोरपणे पाळते.

स्थानिक किमतीसाठी मात्र हा संच वापरू नये. शेकड्यांपर्यंत जायचे तर सुटे, दशकाचे दांडे आणि शतकाच्या पाट्या हेच साधन योग्य आहे. पडद्यावर चालणाऱ्या कांड्या विनामूल्य उपलब्ध आहेत आणि संपूर्ण वर्गाला एखादी मांडणी दाखवायला त्या उपयोगी पडतात. तेथे पांढऱ्या कधी संपत नाहीत ही मोठीच सोय आहे, परंतु लहान मुलांच्या हातात प्रत्यक्ष कांडी असणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

चाळीस मुलांच्या वर्गासाठी चार-चार मुलांचे गट धरून दहा लहान संच पुरे पडतात, मात्र कृतीनुसार ते दोन-दोन करून एकत्र करण्याची तयारी ठेवावी. सुरुवात करणाऱ्या शिक्षकाने दोनच संच घ्यावेत, एका कृतीवर आठवडाभर काम करावे आणि मुले कुठे अडली ते लिहून दुसऱ्या शिक्षकाला द्यावे. आमच्या मागच्या बैठकीत आलेली कृती अशी होती: एकाच रंगाच्या डब्यांनी भरता येईल अशी गाडी कोणकोणत्या लांबीला किती प्रकारे होते? काळीएवढ्या लांबीला दोनच प्रकार, सर्व पांढऱ्या किंवा एक काळी. अकराएवढ्या लांबीला एकच प्रकार मिळतो, कारण अकराची कांडी पेटीत नाही. माझ्या वर्गातल्या दोन गटांनी त्यावर नारिंगी आणि पांढरी चिकटवून अकराची कांडी करून देण्याची मागणी केली आहे. तेराची आणि सतराचीही लागेल, हे त्यांनी यादीत आधीच लिहून ठेवले आहे.